जाहीर इशारा : मुदत २६ नोव्हेंबर

निवेदने देऊन झाली. शिष्टमंडळे नेऊन झाली. आश्वासने ऐकून झाली.

आता हा इशारा. मुंबईतील शासनाला आणि दिल्लीतील शासनाला, दोघांनाही.

आम्ही कोण, हे आपणांस ठाऊक आहे. १२ मार्च १९९३. ११ जुलै २००६. ८ सप्टेंबर २००६. २९ सप्टेंबर २००८. २६ नोव्हेंबर २००८. १३ फेब्रुवारी २०१०. १३ जुलै २०११. या तारखांना ज्यांच्या घरची माणसे गेली ते आम्ही. ज्यांचे हातपाय गेले, ज्यांच्या अंगात अजून छर्रे आहेत ते आम्ही. मुंबईचे, मालेगावचे, पुण्याचे.

आमचे धर्म वेगळे आहेत. पक्ष वेगळे आहेत. संघटना एक आहे.

भरपाईबद्दल आम्ही इथे एक शब्दही बोलणार नाही. तो हिशेब स्वतंत्र आहे. तो स्वतंत्र मांडू.

आमचे म्हणणे एवढेच आहे. आमच्या मृतांची नावे घेऊन आपण जगाकडे सहकार्य मागता. ते सहकार्य पेलायला जी यंत्रणा घरी लागते ती उभी करत नाही.

हे आता चालणार नाही.

२८ ऑक्टोबर २०२२ आठवा. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेची दहशतवादविरोधी समिती मुंबईत बसली. ताज हॉटेलात. हल्लेखोरांना पलीकडून फोनवर सूचना देणाऱ्या साजिद मीरचा आवाज तिथे जगाला ऐकवला गेला. वाचलेल्यांनी उभे राहून साक्ष दिली. दुसऱ्या दिवशी दिल्लीत दहशतवादविरोधी निधीला भारताने पाच लाख डॉलर जाहीर केले. तिथेच जाहीरनामा झाला. ड्रोन, इंटरनेट आणि पैसे पाठवण्याची नवी साधने दहशतवाद्यांच्या हाती जाऊ नयेत, हा त्याचा आशय.

आम्ही त्या बैठकीला विरोध केला नाही. आजही नाही. ती आवश्यक होती.

जून २०२३ मध्ये त्याच साजिद मीरला संयुक्त राष्ट्रांच्या दहशतवाद्यांच्या यादीत टाकण्याचा भारत आणि अमेरिकेचा प्रस्ताव चीनने अडवला. त्याचा जाब आम्ही आपणांस विचारत नाही. जैश-ए-मोहम्मदचा म्होरक्या मसूद अझहर याचे नाव यादीत यायला १ मे २०१९ उजाडला. त्याचाही विचारत नाही. आंतरराष्ट्रीय दहशतवादाविरुद्ध सर्वंकष करार व्हावा म्हणून भारताने १९९६ मध्ये मसुदा मांडला. दहशतवाद म्हणजे काय, यावर देशांचे एकमत नाही म्हणून तो अजून पडून आहे. तो दोषही आपला नाही.

बीजिंग आपल्या हातात नाही. इस्लामाबाद आपल्या हातात नाही. हे आम्हाला कळते.

कलिना आपल्या हातात आहे. तिथली फॉरेन्सिक प्रयोगशाळा आपल्या हातात आहे. मुद्देमालाची खोली आपल्या हातात आहे. पंचनामा, ओळख परेड, साक्षीदाराच्या दारावरचा पहारा, सरकारी वकिलाची नेमणूक, हे सगळे आपल्याच हातात आहे.

जाब त्याचा आहे.

सहकार्य कशाने फळते, ते आम्ही पाहिले आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहा जण बधवार पार्कजवळच्या मच्छीमार वस्तीत रबरी होडीतून उतरले. कोळ्यांनी त्यांना हटकले. ते पुढे गेले. होडी तिथेच राहिली. तिला यामाहाचे इंजिन होते.

त्या इंजिनाला क्रमांक होता. अमेरिकी तपासयंत्रणेच्या मदतीने त्या क्रमांकाचा माग काढला गेला. इंजिन जपानमध्ये बनलेले. पाकिस्तानात पाठवलेले. हल्लेखोरांनी समुद्रात ताब्यात घेतलेल्या ‘कुबेर’ बोटीवर सापडलेल्या जीपीएस यंत्रातून कराचीकडून मुंबईकडे आलेली वाट निघाली. अमेरिकी तज्ज्ञांनी मुंबईच्या विशेष न्यायालयात साक्ष दिली. फोन इंटरनेटवरून लावलेले होते. त्या सेवेच्या पैशांचा माग इटलीतल्या ब्रेशापर्यंत गेला आणि तिथल्या पोलिसांनी अटक केली. त्याआधीच, १२ फेब्रुवारी २००९ रोजी, पाकिस्तानच्या गृहविभागाचे तेव्हाचे प्रमुख रेहमान मलिक यांना कटाचा काही भाग आपल्या भूमीवर शिजल्याचे जाहीरपणे मान्य करावे लागले.

भाषणाने त्यांनी ते मान्य केले नाही. इंजिनाच्या क्रमांकाने केले.

आता हल्ल्याच्याच वर्षातले दुसरे वाहन. २९ सप्टेंबर २००८. मालेगाव, भिक्कू चौक. रमजानचे दिवस. सहा जण गेले. स्फोट मोटारसायकलवर झाला असे सांगितले गेले. त्या मोटारसायकलच्या चासीचा क्रमांक आपल्या प्रयोगशाळेला पूर्ण वाचता आला नाही. गाडी कोणाची, हे न्यायालयात सिद्ध झाले नाही. तीसहून अधिक साक्षीदार फितूर झाले. ३१ जुलै २०२५ रोजी विशेष न्यायालयाने सातही आरोपींना निर्दोष सोडले.

त्याच्या दहा दिवस आधी, २१ जुलै २०२५ रोजी, मुंबई उच्च न्यायालयाने ११ जुलै २००६ च्या लोकल स्फोटांचा निकाल दिला. अकरा मिनिटांत सात स्फोट. १८० हून अधिक मृत्यू. २०१५ मध्ये शिक्षा झालेले बाराही जण निर्दोष ठरले. बॉम्ब नेमके कोणत्या प्रकारचे होते, एवढेही फिर्यादी पक्षाला रेकॉर्डवर आणता आले नाही, असे न्यायालयाने नोंदवले. कबुलीजबाब टिकले नाहीत. ओळख परेड टिकली नाही.

सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल पुढच्या खटल्यांत दाखला म्हणून वापरण्याला स्थगिती दिली आहे. अपील चालू आहे. मालेगावच्या नातेवाइकांनीही उच्च न्यायालयात धाव घेतली आहे. कोण दोषी, कोण निर्दोष, ते न्यायालय ठरवेल. ते आमचे काम नाही.

पण एक गोष्ट नोंदवून ठेवा. कोणाला तरी फाशी झाली एवढ्याने आमचे समाधान होणार नाही. आम्हाला माणूस नको, गुन्हेगार हवा आहे. भलता माणूस तुरुंगात सडला तर खरा गुन्हेगार मोकळा फिरतो. आमच्यावर तो दुसरा हल्ला आहे.

मालेगावला हे दोन्ही हल्ले सोसावे लागले. ८ सप्टेंबर २००६ रोजी बडा कब्रस्तानापाशी शुक्रवारच्या नमाजनंतर स्फोट झाले. तीसहून अधिक माणसे गेली. पकडली गेली ती मालेगावचीच मुले. वर्षानुवर्षे ती आत राहिली. एप्रिल २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. ज्यांचे नातेवाईक स्फोटात गेले आणि ज्यांचे तुरुंगात गेले, त्या दोन्ही घरांतली माणसे आज आमच्या बैठकीत एका सतरंजीवर बसतात.

त्याच दिवशी, ८ सप्टेंबर २००६ रोजी, न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने दहशतवादाविरुद्धचे जागतिक धोरण एकमताने मंजूर केले. त्याचे चार आधार आहेत. त्यांतला एक : राष्ट्रांची क्षमता वाढवणे. दुसरा : मानवी हक्क आणि कायद्याचे राज्य. भारताने त्याला संमती दिली आहे.

संमतीचा अर्थ आम्ही शब्दशः घेतो.

सुरक्षा परिषदेचा २००१ चा ठराव क्रमांक १३७३ सर्व देशांवर बंधनकारक आहे. आसरा देऊ नका. खटला चालवा. पुराव्यासाठी एकमेकांना मदत करा. पाकिस्तानने तो पाळला नाही, हे आपण प्रत्येक व्यासपीठावर सांगता. योग्यच सांगता. पण मदत मागणाऱ्याकडेही मदत घेण्याची तयारी लागते. परदेशातल्या न्यायाधीशापुढे टिकेल असा कागद लागतो. त्याच्या कायद्यात बसेल अशी विनंती लागते. वेळेवर पाठवलेले उत्तर लागते.

एक उदाहरण पुरे. मार्च २०१२ मध्ये पाकिस्तानचा न्यायिक आयोग तिथल्या २६ नोव्हेंबरच्या खटल्यासाठी मुंबईत आला. साक्षी नोंदवून गेला. उलटतपासणीला मुभा नव्हती. तिथल्या न्यायालयाने त्या साक्षी अग्राह्य ठरवल्या. सप्टेंबर २०१३ मध्ये आयोग पुन्हा आला, या वेळी उलटतपासणीसह. मधले दीड वर्ष वाया गेले. त्याच काळात तिथे हा खटला लढवणाऱ्या सरकारी वकिलाची इस्लामाबादेत गोळ्या घालून हत्या झाली. डिसेंबर २०१४ मध्ये त्या खटल्यातल्या मुख्य आरोपीला, लखवीला, जामीन मिळाला.

त्या खटल्यात हयगय पाकिस्तानची होती, यात शंका नाही. पण त्यांना सबब मिळेल अशी एकही फट आपण ठेवायला नको होती.

हल्ल्यासाठी मुंबईची टेहळणी करणाऱ्या हेडलीने अमेरिकेत गुन्हा कबूल केला तो प्रत्यार्पण होणार नाही या अटीवर. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याची साक्ष व्हिडिओवरून मुंबईच्या न्यायालयात झाली. त्याचा साथीदार तहव्वुर राणा १० एप्रिल २०२५ रोजी भारतात आला. हल्ल्याला तेव्हा सोळा वर्षे उलटून गेली होती. हे यश आहे. ज्यांनी त्यासाठी कागद घासले त्या अधिकाऱ्यांचे ऋण आम्ही मानतो.

पण आणलेल्या आरोपीवरचा खटला कोर्टात जिंकावा लागतो. विमानतळावर नाही.

याच हल्ल्यातला आरोपी, बीड जिल्ह्यातला झबिउद्दीन अन्सारी २०१२ मध्ये सौदी अरेबियाने भारताच्या हवाली केला. १९९३ च्या स्फोटांतला आरोपी अबू सालेम याला २००५ मध्ये पोर्तुगालने दिले. फाशी नाही, पंचवीस वर्षांपेक्षा अधिक कैद नाही, असा शब्द तेव्हा दिला गेला. तो शब्द पाळावाच लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावले.

परक्या देशाला दिलेला शब्द बंधनकारक असतो. आपल्या नागरिकांना दिलेला शब्दही बंधनकारक असतो. आम्ही तो तसाच धरून चाललो आहोत.

आम्ही किती थांबलो, हे सांगण्याची गरज नाही. तारखा वर आहेत. तरी आपल्या कार्यालयांतून आमच्याशी कसे वागले गेले, ते जनतेसमोर ठेवतो.

पत्राला उत्तर येते. ‘आपले निवेदन योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठवण्यात आले आहे.’ संबंधित विभाग ते पुढच्या विभागाकडे पाठवतो. मुंबईत विचारले तर विषय केंद्राचा. दिल्लीत विचारले तर पोलीस हा राज्याचा विषय. शिष्टमंडळाला वेळ दिली जाते. वेळेला साहेब बैठकीत असतात. बाकावर बसलेल्या बाईचा एक पाय कृत्रिम आहे, हे शिपायाच्या लक्षात येते. तो तिला पाणी आणून देतो. आतून निरोप येतो, पुढच्या आठवड्यात या.

आम्ही पुढच्या आठवड्यात गेलो. प्रत्येक वेळी गेलो.

आवाज चढवला नाही. दरवाजा अडवला नाही. खटले चालू आहेत, तपासाला बाधा नको, म्हणून पत्रकारांपुढेही गप्प राहिलो. आमच्यातले अनेक जण निकाल न बघताच गेले.

हा संयम आमचा निर्णय होता. तो आम्हीच मागे घेत आहोत.

येत्या २६ नोव्हेंबरपर्यंत आम्हाला पुढील गोष्टी लेखी हव्यात. दोन्ही शासनांच्या सहीने. एकाच कागदावर.

लोकल स्फोट आणि मालेगावचे दोन्ही स्फोट, या तपासांत काय चुकले याची चौकशी निवृत्त न्यायाधीशांकडून. खटल्यांच्या निकालांना धक्का न लावता. आरोपी कोण होते याची ही चौकशी नाही. नमुना कोणी सील केला, कोणी केला नाही, परेड कोणी घेतली, कोणाच्या आदेशाने घेतली, याची आहे. अहवाल विधिमंडळात ठेवला गेला पाहिजे. हवालदाराच्या माथी खापर फोडून हा विषय मिटणार नाही. सही ज्याची, जबाबदारी त्याची.

प्रयोगशाळेचे वेळापत्रक. नवी नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी गेलेच पाहिजे, असे ती म्हणते. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंतची सवड आहे. महाराष्ट्र कोणत्या जिल्ह्यात कोणत्या महिन्यात हे सुरू करणार? किती पदे मंजूर, किती भरलेली, किती रिकामी? स्फोटकांचे आणि मोबाइल-संगणकांचे किती नमुने तपासणीविना पडून आहेत आणि किती दिवस? आकडे द्या. ढोबळ नको.

परदेशांकडे पाठवलेल्या विनंतीपत्रांची नोंद. कोणत्या देशाला किती पाठवली, किती उत्तरे आली, किती त्रुटी काढून परत आली. दरवर्षी संसदेत. गोपनीयतेचे कारण आम्हाला देऊ नका. कोणाच्या फोनवर कान आहे, कोण खबऱ्या आहे, हे आम्ही विचारलेले नाही आणि विचारणारही नाही. उलट ते सांभाळा, एवढेच म्हणू. पण टपाल कुठे अडले, हे राष्ट्रीय गुपित होऊ शकत नाही.

साक्षीदार संरक्षण. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच योजना मान्य करून सर्व राज्यांना बंधनकारक केली. नव्या संहितेनेही प्रत्येक राज्यावर ही जबाबदारी टाकली आहे. राणाच्या खटल्यात साक्ष द्यायला जाणारा उद्या कोणाच्या भरवशावर घराबाहेर पडणार, याचे उत्तर हवे.

किनारा. १९९३ चे आरडीएक्स रायगडच्या शेखाडीला उतरले. पैसे घेऊन डोळे मिटणारे कस्टमचे आणि पोलिसांचे लोक पुढे शिक्षेला पात्र ठरले. पंधरा वर्षांनी हल्लेखोर पुन्हा समुद्रातूनच आले. आज रात्री किती गस्तीनौका प्रत्यक्ष पाण्यात आहेत आणि कोळी बांधवांनी हटकल्यावर त्यांचा फोन कोण उचलतो, हे आम्हाला माहीत हवे.

यात अशक्य काहीही नाही. यातल्या एकाही गोष्टीला चीनची संमती लागत नाही.

मुदत संपल्यावर काय होईल, तेही आताच सांगतो. नंतर कोणी अनभिज्ञता सांगू नये.

२६ नोव्हेंबरच्या शासकीय श्रद्धांजलीला आमच्यातले कोणी येणार नाही. पाठीवर नावांची चिठ्ठी चिकटवलेल्या पहिल्या रांगेतल्या खुर्च्या रिकाम्या राहतील. शहीद पोलिसांना आम्ही मानवंदना देऊ. तुकाराम ओंबळे यांनी उघड्या हातांनी रायफलीची नळी धरली म्हणून पुराव्यात एक जिवंत हल्लेखोर मिळाला. त्या हातांचे मोल आम्ही जाणतो. मानवंदना आम्ही आमच्या वेळी, आमच्या ठिकाणी देऊ. त्याच दिवशी आझाद मैदानावर आमची सभा होईल. तिथे निकालपत्रांतले परिच्छेद जाहीरपणे वाचले जातील. तपासात काय राहिले, ते न्यायालयाच्याच शब्दांत लोकांना कळेल.

आमच्या मृतांची नावे, छायाचित्रे आणि आमच्या साक्षी आपल्या कोणत्याही आंतरराष्ट्रीय कार्यक्रमासाठी उपलब्ध राहणार नाहीत. संमतिपत्रे लेखी मागे घेतली जातील.

उच्च न्यायालयातली याचिका लिहून तयार आहे. वकीलपत्रांवर सह्या झाल्या आहेत. माहिती अधिकाराचे अर्ज जिल्ह्याजिल्ह्यात भरून ठेवले आहेत. ते एकाच दिवशी दाखल होतील.

आणि जागतिक धोरणाचा आढावा आमसभा ठरावीक काळाने घेते. दहशतवादाच्या बळींचे म्हणणे ऐकण्याची सोय संयुक्त राष्ट्रांत आहे. आमचे टिपण तिथे जाईल. त्यात पाकिस्तानबद्दल जे लिहायचे ते कणभरही कमी नसेल. आपल्याबद्दल जे लिहायचे तेही कमी नसेल.

यावर देशाच्या बदनामीचा आरोप होईल. तो आम्ही आधीच ऐकून ठेवला आहे. देशाची बाजू लंगडी पडते ती हरलेल्या खटल्यांनी. ‘तुमचेच न्यायालय पुरावा नाही म्हणते’ असे पलीकडचा वकील म्हणतो, तेव्हा त्याला ते हत्यार आम्ही दिलेले नसते.

आम्ही दगड उचलणार नाही. लोकल अडवणार नाही. फलाटावर रक्त पाहिलेली माणसे रस्ता पेटवत नाहीत. पण ती घरीही परतणार नाहीत. लेखी उत्तर मिळेपर्यंत मैदानावरचा ठिय्या उठणार नाही. त्याची पाळी लावून झाली आहे. औषधे, पाणी, चाकाच्या खुर्च्या, सगळी व्यवस्था झाली आहे.

चर्चेला आम्ही तयार आहोत. चर्चा निर्णय घेण्याचा अधिकार असलेल्यांशी होईल. मुंबई आणि दिल्ली, दोघे एका टेबलावर असतील तरच होईल. इतिवृत्त त्याच दिवशी सह्या करून आमच्या हाती दिले जाईल. नुसत्या फोटोसाठी आम्ही येणार नाही.

या पत्राच्या प्रती दोन्ही कार्यालयांत आवक शिक्क्यासह दिल्या जात आहेत. मागण्या मान्य आहेत की नाहीत, हे नंतर सांगा. पण पत्र मिळाल्याची आणि ते कोणत्या अधिकाऱ्याकडे आहे याची लेखी पोच पंधरा दिवसांच्या आत हवी.

पोच आली नाही, तर मुदत सोळाव्या दिवशी संपली असे धरून आम्ही कामाला लागू.